स्थानिक इतिहासाचं संग्रहालय लोकांचं करायचं तर सुरुवात दाखलनोंदीपासून

प्रश्न थोडक्यात असा: छोट्या शहराचं इतिहास संग्रहालय. लोक आपुलकीनं वस्तू आणून देतात, त्यामुळे साठवणखोलीत पाय ठेवायला जागा उरलेली नाही. निम्म्या वस्तू कुणी दिल्या याचा पत्ता नाही. शाळेच्या सहली येतात, मुलं वीस मिनिटांत एक फेरी मारतात आणि जातात. आता विश्वस्तांनी ठरवलंय की संग्रहालय 'लोककेंद्री' करायचं, शाळांसाठी काहीतरी भरीव करायचं. सुरुवात कुठून करावी?

नव्या दालनापासून नको, उत्सवी कार्यक्रमांपासून तर नकोच. वस्तू ज्या टेबलावर स्वीकारली जाते आणि तिची दाखलनोंद होते तिथून करा. देणाऱ्याला त्या पंधरा-वीस मिनिटांत काय विचारलं आणि काय लिहून ठेवलं, यावर पुढे ती वस्तू वर्गात बोलणार की कपाटात पडून राहणार हे ठरतं. उद्घाटनाला गर्दी झाली म्हणजे लोकसहभाग झाला, असं मानणाऱ्या संग्रहालयाची नोंदवही उघडून बघावी. 'जुना कंदील, १ नग, दान.' यापलीकडे एक अक्षर नसतं. अशा नोंदीवर शिक्षणाचा कुठलाही उपक्रम उभा राहत नाही, आणि देणाऱ्या घराचाही त्यात कुठे मागमूस उरत नाही.

लोककेंद्री संग्रहालयाची कल्पना काही नवी नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेनं १९६७ साली वॉशिंग्टनमधल्या अनाकोस्टिया वस्तीत, एका जुन्या सिनेमागृहात, वस्तीचं स्वतःचं संग्रहालय उघडलं. जॉन किनार्ड त्याचे पहिले संचालक. १९६९ मध्ये तिथे चक्क घुशींवर प्रदर्शन भरलं, कारण आसपासच्या घरांमध्ये तोच रोजचा जाच होता. १९७२ मध्ये चिलीतल्या सांतियागोच्या गोलमेज परिषदेत संग्रहालयानं समाजाच्या प्रश्नांशी जोडून घ्यावं ही भूमिका मांडली गेली आणि २०२२ साली प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेनं स्वीकारलेल्या व्याख्येत 'समुदायांचा सहभाग' हे शब्द आले. यातलं घुशींचं उदाहरण सगळ्यात कामाचं. तिथे विषय लोकांकडून आला, मांडणीचं कसब संग्रहालयानं पुरवलं. बहुतेक ठिकाणी उलटं घडतं. विषय आधीच ठरलेला असतो, लोकांना फक्त 'जुनं काही असेल तर आणा' एवढंच सांगितलेलं असतं. मग जे येतं ते घरातली अडगळ असते.

घ्यायचं काय आणि नाही कसं म्हणायचं

संग्रह धोरण दीड-दोन पानांत मावलं पाहिजे, म्हणजे दारात बसलेल्या स्वयंसेवकालाही ते वाचता येईल. त्यात पाच गोष्टी हव्यात: कुठला भूभाग, कुठला काळ, कुठले विषय, एकाच प्रकारचे किती नग ठेवणार, आणि निर्णय कोण घेणार. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. निर्णय एका माणसाच्या हाती असला की ओळखीपाळखीच्या घरांतलं सगळं आत येतं आणि ज्यांची ओळख नाही त्यांचं काहीच येत नाही. चार-पाच जणांची समिती करा, महिन्यातून एकदा बसवा, आणि त्यात निम्मे तरी लोक संग्रहालयाबाहेरचे असू द्या: निवृत्त शिक्षक, कारखान्यातला जुना कामगार, स्थलांतरित वस्तीतली कुणी बाई. मत फक्त सल्ल्यापुरतं नको. ठराव त्यांच्या सहीशिवाय होत नाही, असा नियमच करा.

धोरण लिहिताना आधी रिकाम्या जागा शोधा. आजचा संग्रह समोर घेऊन एका मोठ्या कागदावर मांडा: कुठले मोहल्ले, कुठले व्यवसाय, कुठली दशकं, बायका-पुरुष-मुलं. साधारणपणे सुखवस्तू घरांची भांडी आणि समारंभाचे फोटो उदंड निघतात. कामाची हत्यारं, भाड्याच्या खोल्या, आजारपण आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांचं काहीच नसतं. ही पोकळी कागदावर दिसली की मग नेमकं त्या माणसांकडे जाऊन मागता येतं. 'काहीही द्या' म्हणून मागण्यात आणि 'गिरणी बंद पडली त्या वर्षाचा तुमचा हजेरीपास आहे का' असं विचारण्यात खूप फरक आहे. दुसऱ्या प्रश्नाला माणूस खुर्ची ओढून बसतो.

नाही म्हणावंच लागतं. पण नुसतं नाही म्हणून माणसाला परत पाठवू नये. तीन वाटा तयार ठेवा. एक, वस्तू तुमच्याकडेच राहू द्या, आम्ही फोटो-स्कॅन आणि माहिती घेतो. दोन, कायम संग्रहात नाही, पण मुलांनी हाताळायच्या पेटीत चालेल. तिथे ती झिजेल, कदाचित मोडेल, हे मान्य असेल तर द्या. तीन, ही वस्तू अमुक संस्थेच्या विषयात बसते, तिकडे विचारा. कुठल्याही परिस्थितीत 'ठेवून जा, बघू' म्हणू नका. साठवणखोल्या याच तीन शब्दांनी भरल्या आहेत.

वस्तू दारात आली की पहिला कागद पावतीचा, दानपत्राचा नंतर. दोन प्रती, तारीख, वस्तूचं वर्णन, आहे त्या अवस्थेची नोंद ('डावा कान तुटलेला, झाकण नाही'), आणलेल्याचं नाव-पत्ता, कशासाठी आणली: दान, पाहणी की स्कॅन. खाली ठळक अक्षरात: समितीचा निर्णय ६० दिवसांत कळवू; नको असल्यास इतक्या मुदतीत परत न्यावी. दानपत्र समितीचा होकार आल्यावर. त्यात देणाराच मालक आहे ना, भावंडांचा हक्क आहे का, हे विचारून लिहा. आजीच्या पेटीवरून तीन घरांत भांडण झालं की संग्रहालय मधल्या मध्ये सापडतं. 'कायमस्वरूपी उसनवार' आणि 'ही नेहमी दर्शनी कपाटात ठेवावी' अशा अटी सरळ नाकारा. फोटो, पत्रं, ध्वनिमुद्रण यांत वस्तूची मालकी आणि प्रतिमुद्रणाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटो घरात आहे म्हणजे त्याचा हक्क त्या घराचा असतोच असं नाही. दानपत्रात दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा.

टेबलावरची मुलाखत

समजा शिलाई मशीन आलं. सिंगर असेल तर अनुक्रमांकावरून कारखान्यातून निघाल्याचं वर्ष काढता येतं. ते नंतर कधीही करता येईल. देणारी व्यक्ती समोर बसली आहे तोवर जे फक्त तिलाच माहीत आहे ते विचारा. मशीन घरात कुठे असायचं? खिडकीपाशी? का? कोण चालवायचं, कुणाकडून शिकलं? घरच्यांचेच कपडे की बाहेरचेही? बाहेरचे असतील तर पैसे कुणाच्या हातात यायचे? कुठल्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत आवाज यायचा? बिघडलं की कोण दुरुस्त करायचं? बंद कधी पडलं, आणि बंद पडल्यावरही टाकून का दिलं नाही? शेवटचा प्रश्न चुकवू नका. बहुतेक वेळा वस्तूचं खरं मोल त्याच्या उत्तरात निघतं.

आणि खण उघडा, पण साफ करू नका. त्यात बॉबिन, मोडकी सुई, गुंडाळलेली मोजपट्टी आणि मापं लिहिलेल्या चिठ्ठ्या असतील. त्या चिठ्ठ्या मशीनपेक्षा दुर्मीळ. मशीन हजारो तयार झाली, त्या गल्लीतल्या माणसांच्या कंबर-छातीची मापं आणि कुणाकडे किती बाकी याचा हिशेब फक्त त्या खणात आहे. हौशी स्वयंसेवक सगळ्यात आधी खण झटकतो आणि पितळ घासून चकाकवतो. दोन्ही सवयी पहिल्याच दिवशी मोडायला हव्यात.

उत्तरं देणाऱ्याच्या शब्दांत लिहा, सोबत कोणी, कधी सांगितलं ते. 'सांगितलं' आणि 'तपासलं' हे दोन स्वतंत्र रकाने ठेवा. 'हे १९२० चं आहे' असं कुटुंब म्हणतं आणि क्रमांक १९५१ सांगतो. दोन्ही राहू द्या. घरानं मशीनला तीस वर्षं म्हातारं का केलं, हीसुद्धा इतिहासाचीच गोष्ट आहे.

क्रमांकाची साधी पद्धत पुरते: २०२५.१४.३, म्हणजे २०२५ सालातलं चौदावं दान, त्यातली तिसरी वस्तू. सुटे भाग असतील तर पुढे अ, ब, क. एकदा दिलेला क्रमांक वस्तू गेली तरी पुन्हा कुणाला द्यायचा नाही. तो वस्तूवर टाकताना धातू, लाकूड, चिनीमाती यांच्यावर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळेचा पातळ थर (१०० मिलीलीटर द्रावणात २० ग्रॅम, अ‍ॅसिटोनमध्ये), तो पूर्ण वाळल्यावर न उडणाऱ्या शाईनं आकडा, शाई वाळल्यावर वरून आणखी एक थर. वरचा थर एकाच हलक्या हातानं मारायचा. ब्रश दोनदा फिरवला की अ‍ॅसिटोन शाईला विरघळवतो आणि आकडा फरकटतो. प्लास्टिकवर हे करू नये, कारण अ‍ॅसिटोन काही प्लास्टिक खातो. तिथे सुती दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून चार सैल टाके. कागदाला मागच्या बाजूला मऊ पेन्सिल. चिकटपट्टी, बॉलपेन आणि नेलपॉलिश यांना टेबलावर जागा नाही. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि चिठ्ठी मात्र गळून पडते, म्हणजे डाग राहतो, क्रमांक जातो.

साचलेला ढीग

आधीच भरलेल्या खोलीचं काय? सगळं बाहेर काढून नव्यानं लावू, हा मोह टाळा. अर्ध्यावर माणसं थकतात आणि ढीग अंगणात येतो. इक्रोम या आंतरराष्ट्रीय संस्थेची 'री-ऑर्ग' ही पद्धत छोट्या संग्रहालयांसाठीच तयार झालेली आहे, तिचा गाभा असा: आधी जागा, मांडण्या आणि संग्रहाशी संबंध नसलेलं सामान यांचा हिशेब. तुटक्या खुर्च्या, जुने फलक, रंगाचे डबे, मंडपाचं सामान बाहेर काढलं की कित्येक खोल्या एकदम श्वास घेतात. मग प्रत्येक मांडणीला आणि फळीला कोड द्या (खोली १, मांडणी ग, फळी ४) आणि तिथे जे आहे त्याची फक्त यादी आणि फोटो. वर्णन नंतर. दोन माणसांनी एका सकाळी तीस-चाळीस वस्तू केल्या तर वेग चांगला समजा.

क्रमांक नसलेली वस्तू जुन्या नोंदवहीतल्या 'जुना कंदील'शी अंदाजानं जुळवू नका. तिला 'संग्रहात सापडलेली' अशी वेगळी मालिका द्या. पुरावा मिळाला तर जोडता येतं, पण चुकीची जोडी एकदा लागली की पुढच्या प्रत्येक फलकावर ती खरी होऊन बसते.

कीड, ओल आणि उजेड यांच्यावर मी थोडक्यात सांगतो, कारण माहिती सहज मिळते. सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत स्थिर ठेवा. ६५ च्या वर बुरशी धरते. दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद, हा प्रकार सतत थोड्या दमट राहिलेल्या खोलीपेक्षा वाईट, कारण लाकूड आणि कागद रोज फुगतात-आकसतात. कापड, कागद, फोटोंवर ५० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप), रंगवलेलं लाकूड आणि तैलचित्रं २०० लक्सपर्यंत. हिशेब करून बघा: ५० लक्स रोज ८ तास, ३०० दिवस म्हणजे १,२०,००० लक्स-तास, तोच डोस २०० लक्सखाली ७५ दिवसांत संपतो. नवी आलेली प्रत्येक सेंद्रिय वस्तू आधी पारदर्शक पिशवीत, वेगळ्या खोलीत, काही आठवडे नजरेखाली. भुसा किंवा किड्यांची कात दिसली तर पिशवीतली हवा काढून, घट्ट बंद करून उणे ३० अंशांवर तीन दिवस. घरगुती फ्रीझरच्या उणे १८ वर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव वस्तूवरच बसतं. तैलचित्रं, काचेच्या निगेटिव्ह, हस्तिदंत, ताणलेलं कातडं फ्रीझरमध्ये घालू नये.

एक इशारा मात्र सविस्तर द्यायला हवा, कारण तो मुलांशी जोडलेला आहे. घराघरांतून येणाऱ्या वस्तूंत धोकादायक गोष्टी असतात आणि त्या निरागस दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या गॅस मास्कच्या गाळणीत अनेकदा अ‍ॅस्बेस्टॉस असतो. कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं तो मुलांच्या तोंडाला लावून दाखवला गेला. अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळांच्या तबकडीत रेडियम असू शकतं, चमक विझली तरी किरणोत्सर्ग राहतो, त्यामुळे काच कधी उघडायची नाही. भुसा भरलेल्या जुन्या प्राण्या-पक्ष्यांवर अनेकदा आर्सेनिक असतं. जुन्या औषधपेटीतल्या बाटल्या रिकाम्या दिसल्या तरी रिकाम्या नसतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची फिल्म नायट्रेटची असू शकते आणि ती भयंकर ज्वालाग्राही असते. डबा उघडताच चिकट, मधासारखा तपकिरी ऐवज दिसला तर हात न लावता तज्ज्ञाला आणि अग्निशमन दलाला विचारा. त्यानंतरच्या अ‍ॅसिटेट फिल्मला व्हिनेगरचा वास येऊ लागला की ती वेगळी काढून आधी स्कॅन करा. वास शेजारच्या फिल्मनाही लागतो आणि त्याही कुजू लागतात.

फोटो-दिवस

लोकांना घरातले फोटो द्यायचे नसतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून फोटो घेऊन या, स्कॅन करून हातोहात परत न्या, असा दिवस ठेवा. चार टप्पे ओळीत: नोंद, गप्पा, स्कॅन, परत-ताबा. मूळ फोटो मालकाच्या नजरेआड क्षणभरही जाता कामा नये, म्हणून स्कॅनरसमोर मालकासाठी खुर्ची हवी. एका माणसाचे जास्तीत जास्त पाच फोटो, हे आधीच जाहीर करा. नाहीतर पहिलीच व्यक्ती तीन अल्बम घेऊन येते आणि रांग संपत नाही. पाच फोटोंच्या गप्पांना वीस मिनिटं, स्कॅनला दहा. स्कॅनर दोन असले तरी चालतील, गप्पांची टेबलं चार हवीत. अडतं नेहमी तिथेच. कागदी फोटो ६०० डीपीआय, पाकिटात मावणारे छोटे १२००, ३५ मिलिमीटर निगेटिव्ह ३००० ते ४०००. मूळ फाइल टिफमध्ये, रंग 'सुधारायचे' नाहीत. फाइलच्या नावात दाखल क्रमांक. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या इमारतीत. मागच्या बाजूवर काही लिहिलं असेल तर तीही स्कॅन करा; स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो.

सामूहिक फोटोतली नावं घ्यायची एक जुनी आणि अजूनही सगळ्यात भरवशाची रीत आहे. फोटोच्या मोठ्या प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, प्रत्येक डोक्याभोवती पेन्सिलीनं गोल काढून आकडा टाकायचा आणि खाली आकड्यांपुढे नावं. नुसतं 'डावीकडून तिसरे' लिहिलं की मागच्या रांगेतला कोण आणि पुढच्या रांगेतला कोण यावर पुढे वाद होतात. बायकांची नावं 'अमक्यांच्या सौ.' अशी आली तर थांबून विचारा: त्यांचं स्वतःचं नाव काय, माहेरचं काय. उत्तर मिळायला वेळ लागतो, कधी घरी फोन करावा लागतो. तो करू द्या. आणि कडेला उभा असलेला, कुणालाच नाव न आठवणारा माणूस बहुधा नोकर किंवा हमाल असतो. त्यालाही आकडा द्या. प्रिंट भिंतीवर लावून खाली पेन्सिल टांगून ठेवली तर महिनाभरात कुणीतरी त्याला ओळखतं.

मौखिक इतिहासाच्या मुलाखती हे वेगळं काम आहे, फोटो-दिवसात उरकू नका. एक बैठक ६० ते ९० मिनिटं, त्याहून लांबली की वयस्क माणूस दमतो आणि उत्तरं आखूड होतात. पंखा, फ्रीज, भिंतीवरचं घड्याळ बंद. कॉलरला लावायचा माइक. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव फाइल. एका तासाचं शब्दशः लेखन करायला पाच-सहा तास सहज जातात, म्हणून बहुतेक छोट्या संग्रहालयांनी त्या फंदात पडू नये. त्याऐवजी वेळ-खुणांचा सारांश करा: दर तीन-चार मिनिटांना एक ओळ, '००:१४:२० पुराच्या रात्री गच्चीवर'. शिक्षकाला नेमका तुकडा शोधायला तेवढं पुरतं. संमतीपत्रावर सही मुलाखत झाल्यावर घ्या, आधी नाही, कारण आपण काय बोलणार हे माणसाला आधी ठाऊक नसतं. 'हा भाग माझ्या हयातीत ऐकवू नका' अशी सोय पत्रात हवी आणि ती पाळली जाईल अशी कुलूपबंद जागाही.

जुन्या नोंदींत एखाद्या समाजाबद्दल हिणकस शब्द असतात. ते खोडू नका. जुना शब्द जुन्या रकान्यात राहू द्या, शेजारी आज ते लोक स्वतःला काय म्हणवतात ते, तारीख आणि सांगणाऱ्याच्या नावासह. पूजेच्या किंवा अंत्यविधीच्या वस्तू कुणी पाहाव्यात, कुणी हाताळाव्यात, त्यांचे फोटो जालावर टाकावेत का, हे त्या समाजाला विचारून ठरवा आणि नोंदीतच लिहा.

शाळा

शिक्षणाचं काम म्हणजे दालनातून मार्गदर्शकामागून फिरणं, ही समजूत आधी काढून टाका. तीस मुलांच्या रांगेत शेवटच्या दहांना काही ऐकू येत नाही. त्यापेक्षा एक टेबल, एक वस्तू, पाच मुलं. तीस मुलांचे सहा गट होतात. सहा टेबलांवरून सगळ्यांना फिरवायचा मोह होतो. सात-सात मिनिटांत मुलं फक्त पळतात. प्रत्येक गटाला दोनच वस्तू, पंधरा-पंधरा मिनिटं. सुरुवातीला दहा आणि शेवटी पंधरा मिनिटं एकत्र. साधारण एक तास.

वस्तू हाताळणी-संग्रहातली असावी, कायम संग्रहातली नाही. हात धुऊन कोरडे केलेले; कागद आणि लाकडाला तेच बरे, धातूला नायट्रिल हातमोजे. सुती मोज्यांनी पकड सुटते, वस्तू पडते. टेबलावर जाड फेल्ट, वस्तू कायम टेबलाच्या वर, बसून हाताळायची.

कंदील घ्या. पहिली पाच मिनिटं त्याचं नावही सांगू नका. मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन आणि संग्रहालय-शिक्षणातले फिलिप येनावाइन यांनी चित्रं बघण्यासाठी वापरात आणलेले तीन प्रश्न इथेही चालतात: काय दिसतंय? कशावरून म्हणतोस? अजून काय सापडतंय? मुलांना वर धरायची तारेची मूठ सापडते, वात खाली-वर करायची चावी सापडते, काच उचलणारा खटका सापडतो. मग प्रश्न एक पायरी खाली न्या. काच का उचलावी लागते? काजळी कुठे जास्त आहे, वर की खाली? घरात हा एकच असेल तर बाकीच्या खोल्यांत कोण काय करत असेल? आता दोन मिनिटांचा मुलाखतीचा तुकडा ऐकवा, ज्यात कुणीतरी सांगतं की रोज संध्याकाळी काच पुसायचं काम लहान पोरांकडेच असायचं, कारण मोठ्यांचा हात काचेत जात नसे. ऐकताच मुलं स्वतःची मूठ काचेच्या तोंडाशी धरून बघतात. हा धडा दालनात उभा राहत नाही. देणाऱ्याला टेबलावर 'काच कोण पुसायचं' असं कुणीतरी विचारलं होतं, म्हणून तो घडतो.

शिक्षकांना संग्रहालयाची कल्पकता आवडते, पण त्यांना अभ्यासक्रमातला धडा पूर्ण करायचा असतो. म्हणून दोन-तीन शिक्षक बरोबर घेऊनच सत्र रचा, कुठल्या इयत्तेच्या कुठल्या घटकाला ते लागू पडतं हे पहिल्या ओळीत लिहा, आणि शाळेत करायचं एक काम आधी, एक नंतर द्या. आधीचं काम सोपं हवं: घरातली आपल्यापेक्षा वयानं मोठी वस्तू शोधून तिच्याबद्दल घरच्यांना तीन प्रश्न विचारणं. यातून दर वर्षी संग्रहालयाला चार-पाच नवी घरं सापडतात.

ज्या शाळा येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी पेटी. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या ओपन म्युझियमनं १९९० पासून संग्रह इमारतीबाहेर, लोक असतात तिथे नेण्याचं काम केलं आहे, आणि हाताळायचे संच हा त्याचा मोठा भाग. पेटीत आठ ते दहा वस्तू पुरे. प्रत्येकीला फोममध्ये तिच्या आकाराचा खळगा, म्हणजे काही राहिलं तर रिकामा खळगा ओरडून सांगतो. झाकणाच्या आत भरलेल्या पेटीचा फोटो. भरलेली पेटी एका माणसाला उचलता आली पाहिजे, १० किलोच्या वर नको. टोकदार, काचेचं सुटं, गिळता येईल असं छोटं काही नाही. मूळ कागदपत्रांऐवजी चांगल्या प्रती, पण वस्तू खऱ्या. सगळीच नक्कल असेल तर मुलांना दहा मिनिटांत कळतं. उसनवारीची मुदत दोन आठवडे, मध्ये एक आठवडा मोकळा, दुरुस्तीसाठी. तो आठवडा नसेल तर वर्षभरात पेटी बाद होते.

अशीच पेटी वृद्धांकडे नेली तर पद्धत बदलते. तिथे वस्तू कमी, वास आणि आवाज जास्त: साबणाची वडी, पत्र्याचा डबा, शाळेची घंटा. गट सहा जणांचा. आठवणी सुखाच्याच निघतील असं धरून चालू नका. त्यांना ओळखणारा एक काळजीवाहू खोलीत हवाच, आणि कुणी गप्प झालं तर बोलतं करायच्या मागे लागू नये.

संग्रहातून वस्तू काढणं हेही याच कामात मोडतं आणि तेच सगळ्यात जास्त लपवाछपवीनं होतं. समितीचा लेखी ठराव, कारण, फोटो. मूळ देणाऱ्याला किंवा वारसांना कळवणं. आधी दुसऱ्या संग्रहालयाला किंवा हाताळणी-पेटीला देऊ करणं. विकलीच तर पैसा संग्रहाच्याच कामी, आणि कर्मचारी, विश्वस्त, त्यांचे नातेवाईक यांना ती घेता येणार नाही. गपचूप भंगारात दिलेली एक वस्तू एखाद्या नातवानं बाजारात ओळखली की पुढची कित्येक वर्षं त्या गल्लीतून दान येत नाही.

पेटी शाळेतून परत आली की शिक्षकाच्या अभिप्रायाचा फॉर्म फाइलला लावून मोकळे होऊ नका. मुलांनी वस्तूबद्दल विचारलेले आणि आपल्याला उत्तर न आलेले प्रश्न त्या वस्तूच्या नोंदीत, तारखेसह उतरवा: 'कंदिलात तेल किती दिवस पुरायचं?' मग देणाऱ्या घरी फोन करून विचारा. नंबर पावतीवर आहेच.